मुलांना ऑनलाइन नीट बोलायला शिकवायचं कसं? नियमांचा तक्ता लावून झाला, उपयोग शून्य

खडूची_पूड

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल पण वाचा. मी आठवीला गणित शिकवते. वर्गाचा एक ऑनलाइन ग्रुप आहे, गृहपाठ, शंका, सूचना सगळं तिथेच चालतं. वर्षाच्या सुरुवातीलाच मी मुलांना नियम लिहून दिले होते, की शिव्या नाहीत, कुणाला टोपणनावाने चिडवायचं नाही, इंग्रजी कॅपिटल अक्षरात ओरडायचं नाही, रात्री उशिरा मेसेज नाही. तक्ता करून वर्गात भिंतीवर पण लावला. मुलांनीच रंगवला, सुंदर झालाय.

तर मागच्या आठवड्यात एका मुलीने एका गणिताचं उत्तर ग्रुपवर टाकलं, पद्धत सगळी बरोबर, शेवटी फक्त ऋण चिन्ह राहिलं. खाली एकाने लिहिलं "हुशार गं बाई तू". बस. त्याच्याखाली हसून डोळ्यात पाणी आलेले इमोजी, मी मोजले, सतरा. मी बघेपर्यंत दोन तास होऊन गेले होते. तेव्हापासून ती मुलगी ग्रुपवर एक अक्षर लिहीत नाही, वर्गात पण हात वर करायचा कमी झालाय.

आता गंमत बघा (गंमत कसली म्हणा), माझ्या तक्त्यातला एकही नियम कुणी मोडलेला नाही. शिवी नाही, टोपणनाव नाही, कॅपिटल नाही, वेळ पण संध्याकाळची सहाची. मी रागावणार कशावरून? आणि ज्याने ते लिहिलं तो मुलगा वर्गात अतिशय साधा, दुसऱ्या दिवशी त्याच मुलीला स्वतःचा कंपास काढून देत होता. म्हणजे समोरासमोर माणूस आणि स्क्रीनवर भलताच कोणीतरी.

दुसरा एक प्रकार म्हणजे मला येणारे मेसेज. "मॅम मार्क कधी". पाच मिनिटांनी "???". रात्री अकरा चाळीसला. ना नाव, ना कुठल्या पेपरचे मार्क. हे मी हसण्यावारी नेते पण उद्या हीच मुलं कॉलेजात, नोकरीत असेच मेसेज पाठवणार ना.

कुणी हे शिकवलंय का खरंच? भाषण देऊन नाही, भाषण मी पण देऊ शकते.

जुना_मॉडेम

मॅडम, कॉम्प्युटर शिकवतो, वीसेक वर्षं झाली. तक्ता काढू नका पण त्याच्यावर भरवसा पण ठेवू नका. इंटरनेटवर वागायचे नियम काही आजचे नाहीत. १९९५ मध्ये आरएफसी १८५५ नावाचा दस्तऐवज निघाला होता, त्यात सगळं आहे बघा, पोस्टकार्डावर लिहिणार नाही ते ईमेलमध्ये लिहू नका, डोकं तापलेलं असेल तर एक रात्र जाऊ द्या मग उत्तर पाठवा, सगळं कॅपिटलमध्ये लिहिलं तर ओरडल्यासारखं वाटतं. तीस वर्षं झाली. लोक भांडायचे थांबले का? नियम माहीत नसतात म्हणून कोणी वाईट वागत नाही हो, आपण लिहिलेलं समोर कसं उतरतं ते दिसत नाही, ही खरी अडचण.

याचा पुरावा पण आहे. जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये एक प्रयोग छापला होता. लोकांना काही वाक्यं दिली, काही सरळ काही खोचक, आणि ती कुणाला ईमेलने तर कुणाला आवाजातून समोरच्याला पाठवायला लावली. पाठवणाऱ्यांना वाटलं, समोरच्याला साधारण ७८ टक्के वेळा बरोबर कळेल. आवाजातून ७३ टक्के कळलं, म्हणजे अंदाज जवळपास बरोबर. ईमेलमधून ५६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी पन्नास आले असते! आणि पाठवणाऱ्याला पत्ताच नाही, कारण लिहिताना त्याच्या डोक्यात त्याचा स्वतःचा आवाज वाजत असतो, तो समोर पोचत नाही.

मी हेच वर्गात खेळ म्हणून घेतो. फळ्यावर एकच वाक्य लिहितो, "वा, छान केलंस". पाच मुलांना बाहेर नेऊन कानात सांगतो, तू खरं कौतुक म्हणून म्हण, तू टोमणा म्हणून, तू चिडून, तू कंटाळून, तू घाबरून. ते आत येऊन म्हणतात, बाकीचे ओळखतात, सगळं बरोबर येतं. मग दुसरी फेरी, वाक्यं कागदावर लिहून द्यायची, मागे बारीक अक्षरात भाव लिहायचा आणि शेजाऱ्याने ओळखायचं. इथे जी दांडी उडते ना! "अरे मी तर सिरियस लिहिलेलं" "मग असं का लिहिलंस" असली भांडणं पाच मिनिटं चालू देतो. त्यानंतर मला काही शिकवावं लागत नाही.

जाता जाता एक, मुलांना आवडतं. स्मायलीचा जन्मच अशा गैरसमजातून झाला. १९८२ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ऑनलाइन बोर्डवर लिफ्टमध्ये पारा सांडल्याचा एक विनोद चालला होता, काहींना ती खरीच सूचना वाटली. त्यावरून चर्चा होऊन १९ सप्टेंबरला स्कॉट फालमन यांनी सुचवलं की विनोद असेल तर :-) असं लिहा. म्हणजे कुणाचा गैरसमज होऊ नये म्हणून आणलेली खूण, आणि तुमच्या वर्गात तिचीच नातवंडं सतराच्या सतरा एका पोरीवर तुटून पडली.

दोन_पोरांची_आई

वाचून पोटात गोळा आला कारण माझा मुलगा अशाच एका प्रकरणात हसणाऱ्यांमध्ये होता. (तुमच्या शाळेतला नाही हो, दोन वर्षांपूर्वीची गोष्ट.) शाळेतून फोन आला तेव्हा मी त्याला विचारलं, का रे? तर म्हणे, "मी काहीच नाही बोललो, मी फक्त इमोजी टाकला". आणि खरंच त्याला तसंच वाटत होतं! त्याच्या हिशेबी त्याने एकच बोट एकदाच दाबलं होतं. मग मी त्याला म्हटलं, बरं, तू एकटा. आता त्या मुलाचा फोन हातात घे असं समज. एक वाजला. दुसरा वाजला. तिसरा. मी टेबलावर बोटाने टकटक करत गेले, बावीस वेळा, मुद्दाम हळू. आठ-दहा झाल्यावर "बास ना आई" म्हणाला. मी म्हटलं त्याने कोणाला बास म्हणायचं?

एवढंच केलं. ओरडले नाही. ओरडले असते तर त्याला फक्त माझा राग लक्षात राहिला असता.

पण खरं सांगू का मॅडम, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. आमचा पालकांचा ग्रुप एकदा वाचून बघा. एका बाईंनी तारीख चुकीची विचारली तर "वर लिहिलंय, वाचत चला" असं उत्तर, त्यावर चार अंगठे. मुलं आमच्या खांद्यावरून वाचतात की सगळं.

उलटसुलट

मी जरा वेगळं बोलणार, राग मानू नका.

मुलांना मॅनर्स शिकवायचे म्हणतो तेव्हा नव्वद टक्के वेळा आपल्याला पाहिजे असतं ते एवढंच की त्यांनी आपल्याशी नीट बोलावं. आपण त्यांच्याशी कसं बोलतो? मीही शिक्षकच आहे म्हणून सांगतो. आमच्याकडे गृहपाठ न दिलेल्यांची नावं ग्रुपवर टाकायची पद्धत होती, लाल रंगात. चाचणीचे मार्क अख्ख्या यादीसकट. रविवारी रात्री सूचना, "उद्या प्रोजेक्ट आणा". आणि ह्याच ग्रुपवर वर पिन केलेला मेसेज काय, तर "एकमेकांचा आदर करा"!! मी बंद केलं ते. ज्याचं राहिलंय त्याला एकट्याला मेसेज. तीन जणांसाठी मला जास्तीचं टाइप करावं लागतं, बोटं काही झिजत नाहीत.

आणि दुसरं, आदर म्हणजे हो ला हो नव्हे. "सर तुमचं उत्तर चुकलंय" असं एका मुलीने ग्रुपवर लिहिलं होतं तर दुसऱ्या सरांनी तिला उद्धट ठरवलं. अहो, उत्तर खरंच चुकलं होतं. मुलांना मान खाली घालायला शिकवणं सोपं आहे, मतभेद नीट मांडायला शिकवणं अवघड, आणि ऑनलाइन खरी गरज त्याचीच.

पॉल ग्रॅहम नावाचा प्रोग्रॅमर आहे, त्याने २००८ मध्ये वाद घालण्याच्या सात पायऱ्या मांडल्या होत्या. सगळ्यात खाली शिवीगाळ, त्याच्या वर माणसावर घसरणं, मग मुद्दा सोडून बोलण्याच्या सुरावर टीका, मग नुसतंच "नाही, चूक आहे", मग उलट बाजूची कारणं, मग समोरच्याचं नेमकं वाक्य घेऊन खोडणं, आणि सगळ्यात वर त्याचा मूळ मुद्दाच खोडून दाखवणं. मी ही शिडी फळ्यावर काढतो आणि एखाद्या क्रिकेटच्या वादातल्या कमेंट नावं खोडून मुलांना वाचायला देतो, कुठली कमेंट कुठल्या पायरीवर ते सांगा. खालच्या तीन पायऱ्यांवर एवढी गर्दी होते की मुलंच हसायला लागतात. मग मी विचारतो, आता तुमच्या ग्रुपवरची कालची चर्चा कुठे बसते? शांतता.

खडूची_पूड

@उलटसुलट राग नाही आला पण लागलं. मार्कांची यादी मी पण टाकलीय, दोनदा. आणि खरं सांगायचं तर त्या मुलीचं उत्तर "चिन्ह बघ!" असं सगळ्यांसमोर दुरुस्त मीच केलं होतं, ते सतरा इमोजी यायच्या आधी. नेमकं आधी. आत्ता लिहिताना लक्षात आलं.

सेटिंगवाला

थोडक्यात सांगतो, तांत्रिक. ॲप कोणतं ते लिहिलं नाहीत.

गूगल क्लासरूम असेल तर सेटिंगमध्ये तीन पर्याय आहेत, मुलं पोस्ट आणि कमेंट दोन्ही करतील, फक्त कमेंट करतील, किंवा फक्त शिक्षकच. एखाद्याला म्यूट पण करता येतं आणि मुलांनी उडवलेल्या कमेंट शिक्षकाला बघता येतात. व्हॉट्सॲप असेल तर फक्त ॲडमिनने लिहायचं अशी सोय आहे, आणि ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट पण करता येतो. (व्हॉट्सॲपला किमान वय १३ आहे, आठवीत काही जण त्याच्या आतले असतील, ते बघा.)

पण कुलूप लावून शिकवणं होत नाही. मी मुलांना उलट हे शिकवतो की परत घ्यायची सोय किती तोकडी आहे. व्हॉट्सॲपवर मेसेज बदलायला १५ मिनिटं मिळतात, सगळ्यांसाठी डिलीट करायला दोन दिवसांच्या आसपास, जीमेलवर पाठवलेला मेल मागे घ्यायला जास्तीत जास्त ३० सेकंद आणि तेही सेटिंग बदललं तर, नाहीतर पाचच. स्क्रीनशॉटला किती वेळ लागतो? एक सेकंद. एवढं गणित तुमच्या वर्गाला जमेल.

ऐकणारी

मी शाळेत समुपदेशनाचं काम करते, नाव-गाव नको. दोन-तीन गोष्टी वाटल्या.

तुम्ही म्हणताय ना, समोर माणूस आणि स्क्रीनवर भलताच, त्यावर मानसशास्त्रात बरंच काम झालंय. जॉन सूलर यांनी २००४ मध्ये हे नीट मांडलं, की ऑनलाइन गेल्यावर माणसाचा आतला लगाम का सुटतो. ओळख लपलेली असते, आपण दिसत नसतो, उत्तर लगेच झेलावं लागत नाही, मोठ्यांचा धाक पातळ होतो, अशी सहा कारणं आहेत. सगळे म्हणतात नाव लपवल्यामुळे लोक माजतात. पण तुमच्या ग्रुपवर सगळ्यांची खरी नावं आहेत, तरी झालंच ना? २०१२ मध्ये हायफा विद्यापीठातल्या दोघांचा अभ्यास आला होता, त्यात नाव लपवणं, न दिसणं आणि डोळ्याला डोळा न भिडणं हे वेगवेगळं करून तपासलं, तर सगळ्यात मोठा वाटा डोळे न भिडण्याचा निघाला. त्या मुलाने वर्गात तेच वाक्य म्हटलं असतं तर तिचा चेहरा पडलेला त्याला दिसला असता आणि तो तिथेच गप्प झाला असता. तो दोन नाही हो, एकच मुलगा आहे. फक्त ग्रुपवर त्याला चेहरा मिळाला नाही.

आता पुढे. कृपा करून वर्गासमोर माफी मागायला लावू नका. बऱ्याचदा होतं असं की मुलगा मान खाली घालून सॉरी म्हणतो, वर्ग परत हसतो आणि त्या मुलीचा दुसऱ्यांदा तमाशा होतो. आधी तिला एकटीला विचारा, तुला काय झालेलं चालेल? कदाचित ती म्हणेल काहीच नको, विषय नको. तेही ऐका.

आणि वर्गाला नियमांपेक्षा दुरुस्ती शिकवा. चुका होणारच, मोठ्यांच्या होतात. पण माफी कशी मागायची हे आपण कधी शिकवतच नाही, "सॉरी म्हण" एवढंच म्हणतो. "तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी" ही माफी नाही, ह्यात चूक तिच्या वाटण्यावर ढकललेली आहे. "मी तुझ्या उत्तरावर हसलो, ते मला करायला नको होतं" ही माफी. मी काय केलं ते नाव घेऊन सांगायचं, जर-तर नाही, "पण" नाही, आणि तिने लगेच माफ करावं अशी अपेक्षा नाही. मुलांकडून मी दोन्ही प्रकारची वाक्यं कागदावर लिहून घेते, फरक त्यांना आपल्यापेक्षा पटकन कळतो.

एक खबरदारी मात्र. हे एकदाच घडलं तर चेष्टा हाताबाहेर गेली असं म्हणू. तेच तेच एकाच मुलीच्या वाट्याला येत असेल, मुद्दाम असेल आणि ती उलट बोलू शकत नसेल तर तो छळ आहे, बुलिंगची ओळखच मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्विअस यांनी अशी सांगितलीय. तिथे खेळ आणि शिड्या काढत बसायचं नाही, शाळा आणि पालक दोघांनी मध्ये पडायचं. मागचे दोन महिने वर जाऊन वाचून काढा.

लास्ट_बेंच

मॅडम मी कॉलेजला आहे, "???" वाला मुलगा मीच होतो म्हणजे तुमचा नाही पण तसलाच. कुणी सांगितलंच नव्हतं हो. आम्ही मित्रांना जसं लिहितो तसंच सरांना लिहायचो, मित्र अर्ध्या मिनिटात रिप्लाय देतो तर सर का देत नाहीत म्हणून ???. मग एका मॅडमनी अकरावीत माझाच मेसेज मला परत पाठवला आणि खाली लिहिलं, "हा मेसेज मला अनोळखी नंबरवरून आलाय. कोण आहे, काय हवंय आणि कधीपर्यंत हवंय, ओळख." मला एकही ओळखता आलं नाही माझ्याच मेसेजमध्ये. तेव्हापासून तीन गोष्टी टाकतो, मी कोण, काय पाहिजे, कधीपर्यंत. "मॅडम, मी अमुक, आठवी ब, घटक चाचणीचे मार्क कधी कळतील? घाई नाही, उद्या सांगितलंत तरी चालेल." एवढंच फळ्यावर लिहा, पुरे.

आणि एक उलट बाजूचं. तुम्ही मोठी माणसं "ओके." लिहिता ना, शेवटी पूर्णविराम देऊन, आम्हाला वाटतं तुम्ही चिडलात. खरंच. २०१५ मध्ये बिंगहॅम्टन विद्यापीठाने यावर अभ्यास केला होता, एका शब्दाच्या मेसेजला शेवटी पूर्णविराम असला तर विद्यार्थ्यांना तो कमी मनापासूनचा वाटला. माझी आई पण पाठवते "ये." आणि मी घरी घाबरत जातो, तर काहीच झालेलं नसतं. म्हणजे मॅनर्स पण दोन भाषांमधले आहेत, तुम्ही शुद्धलेखन म्हणून टिंब देता आम्ही राग म्हणून वाचतो.

जुना_मॉडेम

@लास्ट_बेंच मी गेली वीस वर्षं पूर्णविराम देतोय. आता कळलं पोरं मला का टरकून असतात.

खडूची_पूड

दोन आठवड्यांनी परत लिहितेय, कुणीकुणी विचारलं होतं म्हणून.

वर जाऊन वाचलं. दोन महिन्यांत तिच्यावर हसण्याचा दुसरा प्रसंग नाही, तेवढं बरं. पण दुसऱ्या एका मुलाचा जवळपास प्रत्येक मेसेज कुणी ना कुणी परत लिहून चिडवलाय, तो स्वतः पण हसतो म्हणून माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ते वेगळं चालू आहे, त्याच्या घरच्यांशी बोलणं झालंय, इथे नको.

मुलीला एकटीला विचारलं. ती म्हणाली, माफी चालेल पण ग्रुपवर नको. आणि पहिली माफी मीच मागितली तिची, "चिन्ह बघ" बद्दल. ती इतकी गोंधळली की मलाच हसू आलं. मार्कांच्या याद्या बंद केल्या, हे वर्गात सांगितल्यावर मागच्या बाकावरून टाळी आली, एकच.

"वा, छान केलंस" वाला खेळ घेतला. धुमाकूळ. ज्याने "हुशार गं बाई तू" लिहिलं होतं त्याची चिठ्ठी तिघांनी वाचली आणि तिघांनीही उलट ओळखली, तो जीव तोडून सांगतोय की मी चांगलंच म्हणत होतो. मी काही बोलले नाही. तोच मध्येच गप्प झाला.

शिडी जमली नाही, मुलं ग्रुपवर एकमेकांना "तू दुसऱ्या पायरीवर आहेस" असं म्हणून चिडवायला लागलीत. @उलटसुलट, ह्यावर काही उपाय असेल तर सांगा. रात्रीचे मेसेज कमी झाले पण संपले नाहीत, फक्त आता "मॅडम मी अमुक, आठवी ब, घाई नाही" असं असतं, अकरा चाळीसलाच.

सतरापैकी तिघांनी तिला आपणहून वेगळा मेसेज केला, मी सांगितलं नव्हतं. त्यातला एक तो "हुशार गं बाई तू" वाला. काल मधल्या सुट्टीत माझ्याकडे आला, चेहरा एवढासा. म्हणाला, "मॅडम मी तिला नीट सॉरी लिहिलं, जर-तर न लावता, तर तिने नुसतं 'ओके.' पाठवलंय, टिंब देऊन. ती चिडलीय का अजून?"

मी म्हटलं, मला काय विचारतोस, ती तिसऱ्या बाकावर बसलीय, जाऊन विचार.